चौदा जणांनी उचललेली गाडी

घंटा बडवून बडवून ट्रामचालक आयोनीचा हात दुखायला लागला, पण ट्रामसमोरची हिरवी गाडी काही हलेना. हलणार कशी? आत कुणी नव्हतंच. रस्त्याच्या कडेला कमरेएवढा बर्फ. त्या ढिगाला टेकवून कुणीतरी ती लावली होती आणि तिचं अर्धं बूड रुळावर आलं होतं. मागे आणखी चार ट्राम येऊन थबकल्या.

ट्राममध्ये बसलेल्या रामिरोने घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस. दहाला त्याची मुलाखत होती, ट्राम चालवायच्या नोकरीची. आठ महिने तो घरी बसून होता. ही संधी हुकली, तर बायको त्याला मेव्हण्याच्या दुकानात मासे कापायला उभा करणार होती.

"कुठल्या गाढवाची गाडी आहे ही?" मागून एक म्हातारी कडाडली.

गाढवाची नव्हती. रामिरोची होती.

दहा मिनिटांपूर्वीच त्याने ती तिथे लावली होती, मग धावत मागच्या स्टॉपवर येऊन ट्राम पकडली होती. ट्राम जेमतेम वीस पावलं चालली.

किल्ली खिशातच होती. गाडी काढायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण चालक आयोनी ही त्याची उद्याची सहकारी. शिवाय गाडीच्या मालकाचं काय करायचं, यावर ट्रामभर चर्चा चालली होती. म्हातारी त्याला तलावात बुडवा म्हणत होती. टोरांटोचा तलाव काठाशी गोठलेला होता, तेवढाच दिलासा.

"मूर्ख मेला!" रामिरोही ओरडला. गप्प बसलं तर संशय येईल, असं त्याला वाटलं.

"चला रे बाळांनो, उतरा," आयोनी म्हणाली. "उचलून बाजूला ठेवू. दर हिवाळ्याचंच आहे हे."

चौदा जण उतरले. "ए दाढीवाल्या, तू मागून धर," म्हातारीने रामिरोला फर्मावलं. उणे बारा तापमानात त्याला दरदरून घाम फुटला.

"अहो, हळू!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... कुणाची तरी असेल ना."

"म्हणूनच आपटा!" म्हातारी म्हणाली.

सहाव्या हिसक्याला गाडी ढिगात रुतून बसली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त जोर लावला म्हणून रामिरोची पाठ थोपटली गेली.

तो पोहोचला तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा काढला.

"उशीर?"

"रुळावर गाडी होती, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "सत्तावीस वर्षं झाली मला इथे. रुळावर गाडी लावताना ही माणसं नेमका काय विचार करतात, ते एकदा कुणीतरी सांगा मला."

रामिरोने खिशातली किल्ली मुठीत दाबली.

"ट्रामच्या मुलाखतीला गाडीने गेलेलं बरं दिसत नाही, साहेब."