एक वीत, चार बोटं

"थांबा, थांबा! पायरी कुठे आहे?" धाकटी जाऊ धक्क्याच्या कडेशी ओणवी होऊन बघू लागली.

पायरी नव्हतीच. बोटीच्या फळ्या धक्क्याच्या दगडाला अशा भिडल्या होत्या, जशी एका खोलीला दुसरी खोली. मधे दोन बोटांची फट आणि तिच्यात लखलखणारं पाणी.

"भरती आहे ना, बाई," नावाडी म्हणाला. "बोट वर आलीय. चाला सरळ."

थोरल्या जाऊबाईंनी चार पायांची काठी पुढे टेकली, मागून डावा पाय ओढून घेतला आणि घरातला उंबरा ओलांडावा तशा त्या बोटीत गेल्या. झालं! धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

"हात्तिच्या! एवढ्यासाठी एक्केचाळीस दिवस?"

अर्धांगाचा झटका येऊन जाऊबाईंना दीड वर्ष झालं होतं. मधे भाचीच्या लग्नात चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून कार्यालयाचा जिना चढवला. "जरा तिरकं घ्या, दाराला लागेल," असंही कुणी म्हणालं. कपाट चढवताना म्हणतात तसं. त्या दिवशी जाऊबाई दोन घास जेवल्या आणि घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "आता जिथे माझे पाय नेतील तिथेच मी जाईन. उचलून स्वर्गात नेलं तरी नको."

आणि त्यांना जायचं होतं बोटीतून. दीपगृहाला वळसा घालून येणारी ती फेरी त्यांच्या मनात लग्नाच्याही आधीपासून होती. दिराने बोटवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, बोट धक्क्यापासून फूटभर खाली असते, उतरता येत असेल तर या.

धाकटीने घरभर वीत टाकून बघितली. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायची एकच उंच पायरी होती. भरली एक वीत, चार बोटं. बरोब्बर फूट. दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. देवापुढचा दिवा लागला की जाऊबाई दाराची चौकट उजव्या हाताने धरून अकरा वेळा पायरी उतरणार, आणि धाकटी जपमाळ घेऊन मोजणार.

"आधी डावा, जाऊबाई, आधी डावा! दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. डॉक्टरांनी सांगितलंय."

पाय टेकला की ती एक मणी ओढायची आणि लगेच शेगडीकडे वळायची. दूध उतू जायला नको. एक्केचाळीस दिवसांत दूध एकदाही उतू गेलं नाही, आणि नेमही चुकला नाही.

समुद्राला भरती-ओहोटी असते हे दोघींनाही ठाऊक होतं. पायरीलाही असते, हे मात्र घरात कुणाला सुचलं नव्हतं.

पण बोट सुटली आणि धाकटीचा रुसवा पहिल्याच लाटेला धुऊन गेला. पाणी तोंडावर उडालं. जाऊबाईंनी ते पुसलंसुद्धा नाही. "अगं, बघ, बघ!" म्हणून त्या कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. दीपगृह जवळ जवळ येत गेलं, पांढरंशुभ्र, मान मोडेल एवढं उंच. त्याच्या खडकावरून शंभरएक पक्षी एकदम उठले. जाऊबाई आनंदाने ओरडल्या. दीड वर्षात त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. धाकटी हात जोडून हसत होती आणि रडतही होती.

दोन तासांनी बोट परत लागली. धाकटीने धक्क्याकडे पाहिलं.

पाणी ओसरलं होतं. धक्का आता वर होता. तिने धावत जाऊन वीत टाकली. एक वीत, चार बोटं. पण आता ही पायरी उतरायची नव्हती. चढायची होती.

नावाड्याने हाक मारली तसे दोघे गडी खुर्ची घेऊन आले. "बसा, मावशी. चुटकीसरशी वर घेतो."

जाऊबाईंनी खुर्चीकडे बघितलं. मग धक्क्यावरच्या लोखंडी खांबाकडे. दोरी बांधायचा तो खांब बरोबर घरच्या दाराच्या चौकटीइतक्याच अंतरावर होता.

"बोट तेवढी घट्ट धरा," त्या म्हणाल्या. काठी त्यांनी धाकटीच्या हातात दिली.

"जाऊबाई, अहो, नको! बरं... आधी डावा, आधी डावा!" धाकटीला दुसरं काही येतच नव्हतं.

"डावा नव्हे गं. वर जाताना उजवा."

खांब मुठीत आला. उजवा पाय दगडावर टेकला. अंग एकदा थरथरलं, वर गेलं, आणि मागून डावा पाय शहाण्या लेकरासारखा येऊन उजव्याशेजारी उभा राहिला. गड्यांनी धरलेली खुर्ची तशीच हवेत राहिली. बोटीतल्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

धाकटी काठी छातीशी धरून खालूनच बघत होती. "अगंबाई! आपण नुसतं उतरायचं शिकलो होतो. चढायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"रोज अकरा वेळा खाली उतरवलंस," वरून हात पुढे करत जाऊबाई म्हणाल्या. "मग परत वर कोण आणत होतं मला? तुझं दूध?"