सातवी वाटी

“आमटी चाखली की हॉस्टेल कळतं मला,” बाबा म्हणाले. तीस वर्षं लग्नाच्या पंगतींचे आचारी होते ते. मला मात्र सात नंबरचं हॉस्टेल हवं होतं, युनिव्हर्सिटीच्या पार मागच्या टोकाला, तळ्याकाठी.

गुडघा दुखत असतानाही बाबांनी सातही मेसमध्ये वाटीभर आमटी मागून चाखली. गेटजवळच्या एक नंबरला दहापैकी नऊ मिळाले. पुढे मार्क उतरतच गेले.

“सात नंबर? नुसतं पाणी. दोन मार्क.”

बाहेर टेम्पोतून आमटीचे डबे उतरत होते. “काका, सातही मेसला एकाच किचनची आमटी जाते,” ड्रायव्हर हसत म्हणाला.

मीही हसणार होते, पण बाबा गुडघा चोळत लांबवरच्या गेटकडे बघत होते. दर रविवारी डबा घेऊन येईन, असं त्यांनी आईला सांगितलं होतं.

फॉर्मवर पहिली पसंती मी एक नंबर लिहिली.

“बघ, तुलाही आमटी कळते,” बाबा म्हणाले.

पहिल्या रविवारी ते डबा घेऊन आले, तेव्हा मुख्य गेट दुरुस्तीसाठी बंद होतं. वॉचमनने त्यांना एरवी बंद असणाऱ्या मागच्या गेटने पाठवलं, सात नंबरच्या शेजारून.