न वाचता

चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या खुल्या ईमेल गटातली घाण सासरेबुवा एकटेच उपसायचे. नव्या माणसाची पहिली मेल त्यांच्या मंजुरीसाठी अडायची, पण तिथे येणाऱ्या लॉटरीच्या आणि टकलावरच्या औषधांच्या जाहिरातींना ते इतके विटले होते, की रोज सकाळी अख्खी रांग न वाचताच उडवायचे.

आजही उडवली आणि त्याच सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सुनेवर खेकसले, "महिनाभर गटावर मदतनीस मागतोय, एकजण हूं की चूं करत नाही! फुकटे लेकाचे! मी या खुर्चीत मेलो तरी कुणाला सोयरसुतक नाही."

"घरात तोंड उघडलं की अंगावर येता, म्हणून गटात नव्याने नाव नोंदवून तिथे तीनदा लिहिलं, बाबा, 'मी करते'. तिसरी मेल आत्ताच उडवलीत. चौथी येणार नाही."