मागच्या कोपऱ्यातला आवाज

मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ बघायला व्याही-विहीणबाई आले होते, आणि श्रीरंग अजून टीव्हीमागे वाकून कॉम्प्युटर अ‍ॅम्प्लिफायरला जोडत होता. अखेर पडद्यावर चित्र उमटलं.

"आता आवाज जुळवून घेतो," तो ऐटीत म्हणाला. "नवं मॉडेल आहे. ज्या कोपऱ्यातल्या भिंतीत जे बोलणं सर्वात जास्त मुरलंय, तेच तिथे वाजवून बघतं."

डाव्या स्पीकरमधून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, चहा निवतोय!" सगळे हसले. उजवीकडून मुलीचं खिदळणं आलं. विहीणबाईंनी कौतुकानं मान डोलावली.

मग मागचा स्पीकर वाजला. त्याच्याखालीच श्रीरंगच्या वडिलांची, अण्णांची खुर्ची होती.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गप्प बसा ना जरा!"

आवाज श्रीरंगचाच होता, अगदी स्वच्छ. खोलीत कुणीच हसलं नाही. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो टीव्हीमागून बाहेरच येईना.

अण्णाच घाईघाईनं व्याह्यांना म्हणाले, "काहीतरी चुकीचं लागलं असेल हो. श्रीरंग, ती लाल वायर जरा..."

आणि सवयीनं मध्येच गप्प बसले.