कोरडी बाटली

रंग कुठेच चढला नव्हता. डॉ. हर्षालीने काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली, पुसली, पुन्हा लावली. छे. देवळ्याच्या बायडाबाईच्या छातीतल्या गाठीचे तुकडे होते ते. गाठ कर्करोगाची, यात शंका नव्हती. पण गाठ मोठी होती, तेव्हा आधी औषधाने लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलेलं. कोणतं औषध तिला लागू पडेल, हे पेशींमधल्या खुणांवरून ओळखायचं. खूण असली की पेशी तपकिरी होते. इथे सगळ्या काचा कोऱ्या.

तसं कोरी काच हेही एक उत्तरच. खुणा नाहीत असं लिहून द्यायचं, की तिकडे त्या हिशेबाने जहाल औषधं सुरू. हर्षालीने लिहायला घेतलंही होतं. तेवढ्यात तिची नजर गाठीच्या कडेला असलेल्या चार निरोगी पेशींवर गेली. त्या पेशींत एक खूण असतेच असते. त्याही कोऱ्या होत्या. म्हणजे तुकडेच खराब झालेले, पार सुकलेले. वर एका कोपऱ्यात लुगड्याचा असतो तसला हिरवा धागा अडकलेला. तिने कपाळाला हात लावला आणि बाटली आणून देणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं.

आपल्याकडे गाठीचा तुकडा काढतात एका गावात आणि तपासतात दुसऱ्या गावात. मधली वाट नातेवाइकांनी एस.टी.ने कापायची. तुकडा काढणारा बाटली हातात देतो, सांभाळून न्या म्हणतो, आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. सांभाळायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बाटली आणणारा बायडाबाईचा नवरा होता, सावळीराम. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पांढरं उपरणं. सोबत मुलगा दीपक, सातपूरच्या कंपनीतला. हर्षालीने आडवळण न घेता विचारलं, की तुकडे बुडवून दिलेल्या बाटलीतल्या पाण्याचं काय झालं. म्हातारा टोपी काढून हातात फिरवत बसला. मग म्हणाला, वतून दिलं. रात्रीचा मुक्काम घरी होता. सकाळच्या गाडीने निघायचं होतं. त्यांचं सगळं आयुष्य कांद्यात गेलं. ओला माल साठवणीच्या चाळीत भरला की तो सडतो आणि शेजारचाही नासवतो, हे त्यांच्याकडे पोराबाळांनाही कळतं. मग आजारी माणसाच्या अंगचा तुकडा रात्रभर पाण्यात कसा ठेवायचा? म्हणून पाणी काढलं, तुकडे पुसले, सुकवले आणि कोरड्या बाटलीत घालून आणले. इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काउंटरवर कुणीतरी कोरडी बाटली पाहून गुपचूप नवं पाणी भरलं आणि कुणाला काही बोललं नाही, ते आणखी वेगळंच.

कशाने पुसले, हर्षालीने विचारलं. म्हाताऱ्याने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या खांद्याकडे. उपरण्याने, म्हणाला. तिने ते ऐकून घेतलं. तुकडे का सुकले हे तिला कळलं होतं, बाकी चौकशीत तिला रस नव्हता. ते पाणी म्हणजे औषध होतं आणि त्याच्याशिवाय खुणा पुसल्या जातात, हे तिने समजावून सांगितलं. चुकीचं औषध सुरू झालं असतं तर हाल सगळे झाले असते आणि गाठ तिथल्या तिथेच राहिली असती. आता पुन्हा सुई टोचायची, याच हॉस्पिटलात.

पहिल्या सुईला आई कशी तळमळली होती ते दीपकने पाहिलं होतं. तो आवाज न चढवता बोलला.

"आबा, आईला काही झालं ना, तर मी परत तुमचं तोंड पाहणार नाही."

मुलगा तडक बाहेर निघून गेल्यावर म्हातारा दारातून मागे वळला आणि त्याने हात जोडले.

"ताई, एवढं करा. ही चूक तिच्या कानावर घालू नका. तुकडे कमी पडले म्हणा."

इतक्या वर्षांचा संसार आणि अजून बायकोपुढे मान खाली जायची भीती, हर्षालीला वाटलं. तिने बरं म्हटलं. काउंटरचा घोळ झाकायला तिच्या लॅबलाही ते सोयीचंच होतं.

ठरल्या दिवशी बाप बाकाच्या एका टोकाला बसला आणि मुलगा दुसऱ्या. दीपकने चहा आणला तो एकच कप, स्वतःपुरता. आत बायडाबाईने दात आवळून सुई सोसली. या खेपेला हर्षाली स्वतः बाटली घ्यायला खाली आली होती. तुकडे तिने त्याच औषधी, फॉर्मलिनच्या पाण्यात सोडले, झाकण घट्ट पिळलं आणि निघाली.

बायडाबाई पडल्या पडल्या सगळं पाहत होती. तिने हाताने हर्षालीला जवळ बोलावलं. उशाशी तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर गोळा होऊन पडला होता.

"ताई, तेवढं पाणी वतून द्या बरं," ती हळूच म्हणाली. "वल्लं राह्यलं की सडतं. मागच्या टायमाला मीच पदरानं पुसून, कोरडे करून यांच्या हातात दिले व्हते."