टिलीचा नवा कोट

केकवर चार मेणबत्त्या खोचून कर्स्टी पर्समध्ये लायटर शोधू लागली.

"पेटवू नकोस पोरी, इथे लगेच आगीची घंटा बोंबलते," मॉरीन म्हणाली. "तशाच फुंकू दे तिला."

टिलीने न पेटलेल्या मेणबत्त्यांवर जोरात फुंकर मारली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. तिचा चौथा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. पण पुढच्या महिन्यात ती दत्तक जाऊन दुसऱ्या आईबापांची झालेली असणार होती. कोर्टाने तसं ठरवून टाकलं होतं. आईलेकीची ही शेवटची भेट, कौन्सिलच्या बालकल्याण खात्याच्या खोलीत, एक तास, आणि तीही मॉरीनच्या देखरेखीखाली.

एवढ्यात दारात गॅरेथ आला. इथला साहेब तो.

"कर्स्टी, जरा येतेस? आमच्या कामाच्या तपासणीवाल्या सरकारी बाई आल्यात. यंदापासून पद्धत बदललीय. आधी नुसत्या फायली चाळायचे, आता आईबापांशी बोलायचंय त्यांना. तुझ्याइतकं समजुतीने बोलणारं कोण आहे मला?"

"आत्ता?"

"दहा मिनिटं गं."

"साहेब, आजची भेट कसली आहे माहितीये ना?" मॉरीन म्हणाली.

"माहितीये. म्हणून तर विचारतोय. सक्ती नाही."

सक्ती नाही! हे दोन शब्द कर्स्टी पुरते ओळखून होती. मागे एकदाच ती नाही म्हणाली होती, तर कोर्टात वाचून दाखवलं, 'सहकार्य करत नाही.' आणि एक गोष्ट अजून लटकलेलीच होती. वर्षातून एकदा टिलीची खुशाली कळवणारं पत्र तिला मिळावं की नाही, ते गॅरेथला विचारूनच ठरणार होतं. तिने जीन्सला हात पुसले.

"मम्मी आलीच हं," ती टिलीला म्हणाली.

तपासणीच्या बाई खाष्ट असत्या तर बरं झालं असतं. पण नाही, बाई मोठ्या प्रेमळ. मिसेस होलरॉइड. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. काचेतून समोरची खोली दिसत होती. टिली बोटाने केकवरचं गुलाबी आयसिंग चाटत होती.

"माझी मुलगी वाट बघतेय," कर्स्टी म्हणाली. आज शेवटचीच भेट आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ती तक्रार ठरली असती.

"हो हो, फार वेळ नाही घेत. तुम्ही मोकळेपणी बोला. आता आम्ही कौन्सिलला एका शब्दाचा शेरा देत नाही बरं का. 'चांगलं', 'अपुरं' असलं काही नाही. इतक्या माणसांची मेहनत एका शब्दात तोलायची, हा अन्यायच होता."

"मला दिला होता," कर्स्टी म्हणाली.

"काय दिला होता?"

"शेरा. आई म्हणून. 'अपुरी.'"

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी ते लिहून घेतलं. आणि मेलं नशीब बघा, लिहून घेतल्यावर त्यांना आणखी प्रश्न सुचले. कर्स्टीने सगळ्यांची उत्तरं दिली. शहाण्यासारखी दिली.

ती परत आली तेव्हा केक एका बाजूने खचला होता आणि मॉरीन टिलीला कोट चढवत होती. पिवळा कोट, नव्या आईबापांनी पाठवलेला.

"तास संपला, हिला न्यायला गाडी आली गं पोरी," मॉरीन म्हणाली. "तुला बोलवायला कितीदा उठले. पण हिला एकटं टाकून येऊ कशी?"

"चेन मी लावते."

कर्स्टी गुडघ्यांवर बसली. चेन हनुवटीपर्यंत वर नेली आणि तशीच खाली आणली. टिली खुदकन हसली.

"परत!"

वर नेली, खाली आणली. कोट नवा कोरा, चेन लोण्यासारखी सरकत होती.

गॅरेथने दारातून डोकं आत घातलं. "बाई जाम खूश आहेत तुझ्यावर! चला, गाडीवाला खोळंबलाय. काय राहिलंय आता?"

"परत!" टिली ओरडली.

मॉरीन उठली आणि दार अडवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"चेन अडकलीय, साहेब," ती म्हणाली. "वेळ लागेल."