केसाएवढी चीर

अंजनानं फुलदाणी उचलली, तर खालच्या जाहिरातींच्या कागदावर ओला गोल उमटला होता. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक भांड्यात ती रात्रभर पाणी भरून ठेवायची. सकाळी कागद कोरडा असला की भांडं पास. या फुलदाणीच्या बुडाशी काळ्या ग्लेझच्या झिलईखाली केसाएवढी चीर गेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण पाणी झिरपत होतं. असं भांडं ती एरवी घरामागे नेऊन हातोडीनं फोडायची. त्या सकाळी तिनं ते पुसलं, बबल रॅपमध्ये गुंडाळलं आणि हर्षिताच्या दारी नेऊन दिलं.

"ताई, काय सुंदर झालीय!" हर्षितानं फुलदाणी छातीशी धरली. "फुलांच्या शोमध्ये हीच ठेवते."

"ठेव ना," अंजना म्हणाली.

दोघी नागपूरच्या. अमेरिकेत मॉरिसव्हिलमध्ये दोन घरं सोडून राहायच्या आणि रविवारी बुद्धवंदनेला एकाच गाडीतून जायच्या. हर्षिताची नोकरी गेली आणि ती घरात रडत बसायला लागली, तेव्हा अंजनाच तिला ओढून इकेबानाच्या क्लासला घेऊन गेली होती. अंजना तिथे चार वर्षं जपानी पद्धतीनं फुलं मांडायला शिकत होती. तिच्या फांद्यांची मात्र नेहमी गर्दी व्हायची. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिका हिराता सेन्सेई दर वेळी येऊन त्यातल्या दोन-तीन हळूच काढून घ्यायच्या. हर्षितानं दुसऱ्याच महिन्यात एक वाकडी काटकी आणि एक पान लावलं. सेन्सेई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. हातसुद्धा लावला नाही. मग अंजनाकडे वळून गोड हसत म्हणाल्या, "तुम्ही भांडी फार छान करता. भांडीच करा."

अंजनाही हसली. घरी येऊन तिनं फुलांची कात्री ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकलीच.

तेव्हापासून तिच्या पोटात दुखायला लागलं. हर्षिताच्या फोटोंवर लाइक्सचा पाऊस पडायचा. फुलदाणी कोणाची, हे कोणी विचारायचं नाही. नवरा, सुभाष, एकदा जेवताना सहज म्हणाला, "हर्षिताच्या हातात काहीतरी आहे यार." अंजनानं त्याला दुसरी पोळी वाढली नाही.

लायब्ररीच्या हॉलमधल्या प्रदर्शनाला शनिवारी ती दार उघडल्या उघडल्या पोचली. काय दिसणार, ते तिनं मनात पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरलेला डाग, मान टाकलेलं आयरिसचं फूल, सेन्सेईंच्या कपाळावरची आठी.

तसं काहीच नव्हतं. काळी फुलदाणी काळ्या ट्रेवर ताठ उभी होती. डॉगवुडची एक फांदी एका बाजूला झेपावली होती आणि तिच्याखाली एकच जांभळा आयरिस होता. समोर माणसांचा घोळका. शेजारी हर्षिता खुर्ची टाकून बसली होती. चहाला बोलावलं तरी उठत नव्हती. 'बसलीय कौतुक गोळा करत,' अंजनाला वाटलं. ती दोनदा वाकून टेबलाखाली बघून आली. एक थेंब नाही.

रविवारी सकाळीही तेच. फुलं टवटवीत, कापड कोरडं, हर्षिता खुर्चीत. अंजनाच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या हातात माझं फुटकं भांडंसुद्धा गळत नाही!

दुपारी सेन्सेईंचं प्रात्यक्षिक सुरू झालं आणि सगळी गर्दी शेजारच्या खोलीत गेली. फुलदाणी उचलून बुडाशी बोट फिरवून बघायचंच, असं ठरवून अंजना परत आली. हर्षिता टेबलामागे गुडघ्यांवर बसली होती. ट्रेमधून भिजलेले काळे टॉवेल काढून पिशवीत भरत होती. शेजारी लांब चोचीची पाण्याची बाटली होती.

"ताई, दार लोटा ना जरा, प्लीज," ती कुजबुजली. "कोणी यायच्या आत भरून घेते."

"काय झालं?" अंजनानं दार लोटत विचारलं.

"गळतेय हो. शुक्रवारी मांडतानाच कळलं. आत छोटी बाटली बसते का बघितलं, पण तोंड लहान आहे. मग दर अर्ध्या तासानं पाणी भरते, टॉवेल बदलते. काल जाताना फुलं बादलीत काढून ठेवली, आज आठला येऊन पुन्हा लावली." ती कपाळावरचा घाम पुसत हसली. "कोणाला पत्ता नाही लागला."

"दुसरी फुलदाणी घ्यायची होतीस."

"घेतली असती. पण कार्डवर तुमचं नाव आहे ना! भांडं करणाऱ्याचं नाव लावायचं म्हणून महिनाभर सेन्सेईंच्या मागे लागले होते. भांडं बदललं असतं तर ते गेलं असतं."

दोन दिवस अंजना त्या टेबलाभोवती फिरत होती. कार्ड तिनं वाचलंच नव्हतं. आता वाचलं. हर्षिताच्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तिचं नाव होतं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," हर्षिता म्हणाली. "भट्टीत जात असेल कधी तडा. तुम्हाला कुठून कळणार?"

'हो ना' एवढंच म्हणायचं होतं. अंजनानं तोंडही उघडलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला द्यायच्या आधीच."

हर्षिताचा बाटलीवरचा हात थांबला. पलीकडच्या खोलीत टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या. माणसं आता येणार होती. हर्षिता उठली. गुडघे झटकले. बाटली आणि कोरडे टॉवेल तिनं अंजनाच्या हातात दिले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि पर्स खांद्याला लावली.

"पाचपर्यंत शो आहे. दर अर्ध्या तासानं भरा," ती म्हणाली. "मी काल सकाळपासून नीट जेवले नाही."

या वेळी ती 'ताई' म्हणाली नाही.